नकाशे नसताना इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावरील प्रागैतिहासिक बांध इतके सरळ कसे आखले गेले?

मी 31 वर्षे भूकरमापक होतो, त्यामुळे आपल्या प्रश्नातील ‘नकाशे नसताना’ हे शब्द मला टोचले. सरळ रेषेला नकाशा लागत नाही. एकीमागे एक दिसतील अशा रोवलेल्या तीन काठ्या आणि एक शाबूत डोळा लागतो.

नोकरीच्या सुरुवातीला एका मोजणीत मला एक जुना बांध आढळला होता. तो ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर त्याच रेषेत पुढे जात होता आणि कोणत्याही नकाशाशी त्याचा मेळ बसत नव्हता. ही इंग्रजी मोजणीपूर्वीची वाटणी असावी, असे मी म्हणालो. त्यावर वरिष्ठांनी शेतकऱ्यांसमक्ष मला सुनावले, “आधी मोजणीची साखळी, मग बांध. साखळी येण्यापूर्वी या लोकांना हद्द ठाऊकच नव्हती.” मी गप्प बसलो.

मुलगी नोकरीनिमित्त एक्सेटरला असते. मागील फेब्रुवारीत तिने मला डार्टमूरला नेले. डार्टमीटच्या वरच्या उतारावर उभे असताना ऊन तिरपे झाले आणि गवताखाली दडलेले, जेमतेम गुडघ्याएवढे दगडमातीचे समांतर बांध समोर एकामागून एक उमटले. तेथे त्यांना ‘रीव्ह’ म्हणतात. मध्ये डार्ट नदीचे खोल खोरे येते, तरी पलीकडे दिशा तीच. मुलगी छायाचित्रे काढत होती आणि मी मनातल्या मनात त्या वरिष्ठांशी बोलत होतो.

हे बांध कांस्ययुगातील, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. 1970च्या दशकापासून पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. समांतर बांध वरच्या अंगाला एका आडव्या बांधाला मिळतात आणि त्याच्या पलीकडे मोकळे कुरण, आपल्या भाषेत गायरान, सुरू होते. आखणी करवून घेणाऱ्या एखाद्या राजाची गरज फ्लेमिंग यांना भासली नाही; आसपासच्या वस्त्यांनी मिळून ती केली, असे त्यांचे मत आहे. डार्टमूरवरीलच होन मूर येथील उत्खननात दगडी बांधांच्या आधीच्या लाकडी कुंपणांच्या खुणा सापडल्या, म्हणजे तेथे रेषा आधी ठरली आणि दगड नंतर आले.

नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते हे सारे एका दमात आखलेले नसून जुन्या वहिवाटीच्या दिशेने तुकड्यातुकड्याने वाढलेले आहे. तसे असेल तर माझ्या तीन काठ्यांचे महत्त्व थोडे कमी होते. शिवाय माझ्या त्या बांधाचे वय कोणी तपासलेले नाही. तरीही हद्द साखळीने जन्माला घातली, हे म्हणणे चुकीचेच होते.

आपण तेथे जाणार असाल तर हिवाळ्यात, ऊन कलताना जा, कारण उन्हाळ्यात नेच्यांच्या रानात बांध दिसत नाहीत. नकाशा मात्र गाडीतच ठेवा.