लग्न ठरतंय ते घर गोठ्याचं आहे, तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की नाशिकजवळ गायांचा मोठा गोठा असलेल्या घरात लग्न ठरतंय, तर तिथं रोजचा दिवस कसा जातो आणि शहरात वाढलेल्या मुलीला जमेल का. मी दिंडोरीकडची, दिली सिन्नर तालुक्यात, माहेरी पण गोठा आणि सासरी पण गोठा, म्हणून सांगते. जमतं, आणि हसून हसून पोट दुखायची वेळ पण बऱ्याचदा येते. फक्त एक गोष्ट आधीच पक्की समजा, त्या घरात वेळ गाया ठरवतात. पहाटे पाचला धार, संध्याकाळी पाचला धार, मग दिवाळी असो नाहीतर सख्ख्या भावाची हळद असो. सगळं घर मिळून कुठं मुक्कामाला जाणं विसरा, एक जण मागं राहतोच, आणि कोण राहणार यावरून आमच्याकडे जी वादावादी होते ती ऐकायला शेजारच्या काकू खास ओट्यावर येऊन बसतात.

आमच्याकडे बाकी सगळ्या एचएफ, म्हणजे भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन जातीच्या, आणि एक डांगी, चंद्री. ती सासऱ्यांची, नानांची, इगतपुरीकडून आणलेली, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. ही जात तिकडच्या धो धो पावसातली, कातडी तेलकट असते त्यामुळे पाणी अंगावर थांबतच नाही. आता आमच्या सिन्नरला कुठला आलाय एवढा पाऊस, पण चार थेंब पडले की नाना चंद्रीला अंगणात सोडतात आणि घरातल्या एकेकाला हाका मारून बाहेर बोलावतात, "बघा, बघा पाणी कसं ओघळतंय." दूध थोडंच देते. एकदा माझा नवरा वही घेऊन बसला की हिला चारा किती लागतो आणि ही देते किती, तर नाना शांतपणे म्हणाले, "तुझ्या शिक्षणाला पैसा लागला तेव्हा मी लिटरमध्ये मोजलं का?" वही मिटली ती मिटलीच.

सकाळची खरी मजा डेअरीच्या पावतीची. गायीच्या दुधाला साधारण ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधातला बाकी भाग, धरून भाव असतो, त्याच्या खाली गेलं की पैसे कापतात. त्यामुळे नवरा गाडी लावायच्या आधीच गेटातून आकडा ओरडतो. ३.३ ऐकलं की सासूबाई विचारणार हिरवा मका जास्त कुणी टाकला, धाकटा दीर म्हणणार कोरड्या चाऱ्याची कुट्टी संपत आलीय हे मी कधीचं सांगतोय, आणि नाना म्हणणार चंद्रीचं दूध घाला त्यात, फॅट आपोआप वाढंल. कारण तसं साधंच असतं, हिरवा जास्त आणि कोरडा चारा कमी झाला की रवंथ कमी होतं नि फॅट उतरते, पण हे सगळ्यांना माहीत असूनही चहाचं पातेलं दुसऱ्यांदा चुलीवर चढेपर्यंत भांडण चालतं. चार दिवसांनी ३.७ लागली की श्रेय मात्र तिघांनाही पाहिजे.

आणि आमच्या राणी गायीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. राणी सासूबाईंशिवाय पान्हा सोडत नाही. हे नुसते लाड नाहीत बरं का, कास धुतली, ओळखीचा हात लागला, आवाज ऐकला की गाय पान्हा सोडते आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार उरकावी लागते, आणि बिचकली की सगळं दूध वर चढवून घेते, मग मशीन लावा नाहीतर काही करा. तर सासूबाई चांदवडला एका लग्नाला गेलेल्या आणि संध्याकाळी राणी अडून बसली. दिराने शेवटी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि राणीच्या कानाशी धरला. तिकडे सासूबाई पंगतीत बसलेल्या, तिथूनच सुरू, "राणे, ए माझी बाय, दे गं, मी उद्या येते ना, शहाणी ना तू." इकडे राणीने कान हलवले, मान वळवून फोनला चाटलं आणि पान्हा सोडला, मी स्वतः बघितलंय. तिकडे शेजारच्या बाईने विचारलं, नात का हो? तर सासूबाई म्हणाल्या, हो, पण फार हट्टी आहे.

गाय व्याली की वेगळाच गोंधळ. पहिला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, वासराचा, तासाभरात पोटात गेलाच पाहिजे, त्यातूनच त्याची ताकद येते. उरलेल्यावर मग खरवसासाठी भांडी घेऊन माणसं यायला लागतात, आणि मागच्या वेळी कुणी आपल्याला चीक दिला होता, कुणी नाही, हे सासूबाईंना तोंडपाठ.

कष्ट आहेत, ते लपवत नाही. शेण रोज असतं, आजारी असाल तेव्हाही असतं. म्हणून माझं ऐका, घर बघायला जाल तेव्हा चहा झाला की गोठा बघायचाय म्हणा. घरातला माणूस गव्हाणीजवळ गेल्यावर जनावरं पुढं येऊन हुंगतात की दचकून मागं सरतात ते बघा, हात उगारणारा माणूस गाय लांबून ओळखते. शेण कोण काढतं, धारेला मशीन आहे का, कुट्टी मशीन कोण चालवतं, रात्री गाय व्यायला झाली तर कोण जागतं, हे सरळ विचारा. सगळ्याचं उत्तर "सून" असं आलं तर घरी येऊन नीट विचार करा. आणि जाताना गूळ न्या, पण सगळ्यांना पुरेल एवढा, एकीलाच दिला तर बाकीच्या हंबरून सगळी वस्ती गोळा करतील.