रीफ टँकचा दिवा आणि मीटरवरचा दोनशेचा आकडा

बेळगावच्या टिळकवाडीतून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३४, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला, हातात पगार ४१,००० रुपये. बायको घरी शिवणकाम करते, महिन्याला सहा-सात हजार होतात. मुलगी पहिलीत. बाईकचा हप्ता ३,४००. एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, ७०,००० रुपये ठेव, आणि येत्या महिन्यात भिशी लागणार आहे, ६०,००० रुपयांची. पत्रातला मुख्य भाग असा:

"ताई, पाच वर्षं गोड्या पाण्याचे मासे पाळले. आता तीन फुटांची टाकी करून घेतलीय, रीफ टँक करायचाय, म्हणजे समुद्राचं पाणी आणि जिवंत कोरल. अडकलंय दिव्यावर. परदेशी कंपनीचे दोन एलईडी ४८,००० ला, बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर. साधा चिनी काळ्या पेटीचा एलईडी १३,५०० ला. आणि कोल्हापूरचा एक ओळखीचा आपला जुना मेटल हॅलाइड ५,००० ला देतोय. घरी सगळे म्हणतात वेडेपणा आहे. तुम्ही सांगा, कुठला घेऊ?"

दादा, वेडेपणा अजिबात नाही. पाच वर्षं मासे जगवणारा माणूस उगाच उड्या मारत नाही. पण दिव्याची किंमत बघण्याआधी त्याच्याखाली काय वाढणार ते ठरवायला हवं. दिव्याचा सगळा पैसा तिथेच ठरतो.

कोरल म्हणजे प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं अन्न तेच उजेडावर तयार करतं. म्हणून माशांच्या टाकीत दिवा शोभेपुरता असला तरी चालतो, रीफ टँकमध्ये दिवा म्हणजे जेवण. हा उजेड डोळ्यांनी मोजायचा नसतो, 'पार' या मापात मोजतात: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला किती प्रकाश कोरलपर्यंत पोचतो ते. मोबाईलमधलं लक्सचं ॲप इथे कामाचं नाही. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतं आणि आपल्या डोळ्याला निळा रंग कमी दिसतो. कोरलला नेमका निळाच जास्त लागतो. मश्रूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ कोरलना ५० ते १५० पार पुरतो. फांद्यांच्या कडक कोरलना २०० ते ३५० लागतो. ४८,००० च्या दिव्यात जादा पैसे कशाचे, तर मुख्यतः या वरच्या पट्ट्याचे आणि मोबाईलवरून रंग बदलण्याच्या सोयीचे.

आणि ती कडक कोरल तुम्ही पाळूच शकत नाही. ही गोष्ट तुम्हाला कोणत्याच विक्रेत्याने सांगितलेली दिसत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत कडक सांगाड्याची सगळी प्रवाळं घातली गेली, सोबत काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. ही तीच अनुसूची जिच्यात वाघ आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ती तिथेच आहेत. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, वर किमान २५,००० रुपये दंड. दुकानदार म्हणेल, "हे आपल्या समुद्रातलं नाही, इंडोनेशियाचं आहे." यादीत 'सर्व' हा शब्द आहे, आणि घरी कुणी आलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, दुकानदाराला नाही. गोव्याच्या किंवा मालवणच्या खडकावरून तुकडा काढून आणायचा तर विचारही नको. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे ते तिथली प्रवाळं राहावीत म्हणूनच. ती बघायची तर पाण्यात उतरून बघा, मुलीलाही दाखवा.

म्हणजे मऊ कोरल उरली. मश्रूम, झोअँथिड, लेदर यांची नावं त्या यादीत नाहीत, तरी प्रत्येक तुकड्याची पक्की पावती घ्या, जातीच्या नावासकट. दिसायला ती कुठे कमी नाहीत; निळ्या दिव्याखाली झोअँथिडचा गालिचा मी एकदा पाहिलाय आणि अर्धा तास तिथून हलले नव्हते. एवढंच की काही झोअँथिडमध्ये फार जहाल विष असतं. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. हात घालताना हातमोजे घाला, आणि झोअँथिड चिकटलेला दगड कधीही उकळू किंवा गरम पाण्याने धुऊ नका.

तर ४८,००० चे दिवे तुम्ही अशा कोरलसाठी घेणार जी तुम्हाला ठेवता येणार नाहीत, आणि जी ठेवता येतील त्यांच्यासाठी ते ४० टक्क्यांवर चालवणार. तुमच्या टाकीत पाणी फक्त दीड फूट खोल आहे. माझा नकार दिव्याला नाही, तो उत्तमच असेल. न वापरायच्या ६० टक्क्यांचे पैसे भरायला माझा नकार आहे.

हप्त्याबद्दल थोडक्यात. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याजाइतकी सूट आधीच किमतीत खेळवलेली असते, वर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. महिन्याला ४,००० जातील, आणि एक हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात.

आता ५,००० च्या हॅलाइडकडे, म्हणजे त्या जुन्या पद्धतीच्या बल्बच्या दिव्याकडे. सगळ्यांना हाच स्वस्त वाटतो. इथे आपल्याला लाईट बिल काढून बसावं लागेल.

तुम्ही वीज कंपनीची, हेस्कॉमची, बिलं जोडलीत ते फार बरं केलंत. २०२२-२३ ची तुमची सरासरी १३० युनिट, त्यावर १० टक्के धरून गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, १४३ युनिटं माफ. सध्या वापर १३८, म्हणून ऑगस्ट २०२३ पासून बिल शून्य येतंय. शून्य बिलाची सवय झाली की मीटरकडे कुणी बघत नाही. योजनेचा नियम असा: १४३ च्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० च्या वर गेलात तर सगळंच बिल भरायचं, पहिल्या युनिटापासून. बिल कानडीत येतं म्हणून घरात वाचत नसाल तर गल्लीतल्या कुणाकडून तरी एकदा समजून घ्या; तुम्हाला किती युनिटं माफ आहेत तो आकडा त्यावर असतो.

मी टाकीचा वापर मांडला. परतीचा पंप, म्हणजे गाळलेलं पाणी टाकीत परत आणणारा, ३० वॅट, चोवीस तास: महिन्याला २२ युनिट. पाणी हलवणारा वेव्हमेकर १० वॅट: ७. फेसातून घाण काढणारा स्किमर १५ वॅट: ११. दिव्याआधीच ४० युनिट झाली. घराची १३८ मिळवून १७८.

त्यात २५० वॅटचा हॅलाइड चोकसकट २८० वॅट ओढतो. रोज ८ तास लावला तर ६७ युनिट. एकूण २४५. दोनशेची रेघ ओलांडली. कर आणि स्थिर आकार धरून हिशेबापुरते युनिटला ७ रुपये घेऊ, बिल १,७१५.

चिनी पेटीवर १६५ वॅट लिहिलेलं असतं, कारण आत ३ वॅटचे ५५ दिवे असतात. प्रत्यक्षात ती पूर्ण जोरात ११०-१२० वॅटच्या आसपास ओढते. मऊ कोरलसाठी अर्ध्यावर ठेवायची, म्हणजे ६० वॅट, ९ तास: १६ युनिट. एकूण १९४. भरायची फक्त १४३ च्या वरची ५१ युनिटं, ३५७ रुपये. हॅलाइडशी फरक महिन्याला १,३५८. किमतीतला ८,५०० चा फरक सातव्या महिन्यात भरून निघतो, आणि हॅलाइडचा बल्ब वर्षभरात बदलावा लागतो तो खर्च वेगळा. शिवाय तो दिवा पाणी तापवतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, संध्याकाळी गार होतं, म्हणून एलईडीखाली टाकीचं पाणी २५-२६ अंशांवर राखणं बहुतेक महिने जमेल. हॅलाइड लावलात तर एप्रिलमध्ये पाणी गार करणारा चिलर घ्यायची पाळी येईल आणि तो दिव्यापेक्षा महाग.

महागडे दोन एलईडी ४० टक्क्यांवर १९ युनिट घेतात, म्हणजे विजेत त्यांचा काही फायदा नाही. जास्त दाम देऊन लाईट बिल वाचतं असं विक्रेत्याने सांगितलं असेल तर ते हॅलाइडच्या तुलनेत खरं, या पेटीच्या तुलनेत नाही.

पण १९४ हा आकडा मला फार काठावरचा वाटतो. एप्रिल-मेमध्ये पंखे रात्रभर चालतात. तुमचं मागच्या मे महिन्याचं बिल १५५ युनिटांचं आहे. तेव्हा २११ होतील आणि १,४७७ रुपये भरावे लागतील. इलाज दिव्यात नाही, पंपात आहे. दिवा ९ तास चालतो, पंप चोवीस तास, आणि तुमच्या टाकीला दगड-वाळू वजा जाता जेमतेम १५० लिटर पाणी. तिला ३० वॅटचा पंप जास्तच आहे. १५ वॅटचा घ्या, ११ युनिट वाचतील. उन्हाळ्यात दिवा ७ तासांवर आणा, आणखी ३-४ युनिटं. मे महिना १९६ वर बसतो. थंडीत हीटर लागला तरी पंखे बंद असतात, ते जमून जाईल.

तेव्हा १३,५०० ची पेटी घ्या. दोन चॅनेलची, म्हणजे निळा आणि पांढरा वेगळा कमी-जास्त करता येईल अशी, सोबत दोन टायमर. एलईडीचं आयुष्य ५०,००० तास सांगतात, ९ तासांच्या हिशेबाने ते पंधरा वर्षं भरतं. त्यावर जाऊ नका. दिवे राहतात, मीठ आणि आपल्याकडची पावसाळी ओल आधी पंखा आणि ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा भाग) खाते. या पेटीचा फायदा हाच की हे दोन्ही भाग सुटे मिळतात आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कुठलाही चांगला कारागीर बदलून देतो. परदेशी दिवा बिघडला तर तो कुठे पाठवायचा हे आधी विचारा, बिलावर इथली वॉरंटी आहे का तेही.

आता भिशीचे ६०,०००. पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते दिव्याबद्दल नव्हतं. तुमचा पगार २१,००० च्या वर गेला तेव्हाच ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटलं आणि त्यानंतर तुम्ही आरोग्य विमा घेतलेला नाही. तिघांचा मिळून ५ लाखांचा विमा तुमच्या वयाला साधारण १५ ते २० हजारांत बसावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. भिशी लागली की पहिला चेक याचा. दिव्याचा दुसरा.

उरलेले २५-३० हजार सोसायटीत टाकू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. तुमची सोसायटी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण घरातली सगळी शिल्लक तिथेच असणं मला पसंत नाही. हे पैसे बँकेत एफडीत ठेवा आणि सोसायटीतली ठेव मुदत संपली की अर्धी इकडे आणा.

त्यातून हजार-दीड हजार एका वस्तूसाठी काढा: बॅटरीवर चालणारा एअर पंप. पावसाळ्यात झड लागली की आपल्याकडे वीज किती वेळ जाईल सांगता येत नाही. दिवा दिवसभर बंद राहिला तरी कोरलला काही होत नाही, ढगाळ दिवस समजा. पाणी हलायचं थांबलं तर काही तासांत प्राणवायू संपतो आणि मासे आधी जातात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर वेव्हमेकर जोडा, दिवा जोडू नका.

दर महिन्याला दोनदा १५ लिटर पाणी बदलायचं, म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आत मीठ. गोव्याहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणणारे आहेत, पण चोर्ला घाटाचं पेट्रोल मिठापेक्षा महाग पडतं आणि पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि पातळ होतं. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी प्यायला चांगलं, कोरलला नाही. आरओ आणि डीआय, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारे फिल्टर, लागतील. या सगळ्याला मिळून महिन्याचे १,५०० ठरवा, लाईट बिल धरून, आणि ते शिवणकामाच्या पैशातून नको, तुमच्या पगारातून.

दिवा आला की लगेच कोरल आणू नका. आधी पंप आणि दिवा आठवडाभर चालवा, रोज सकाळी सात वाजता मीटरचा आकडा वहीत लिहा. माझा हिशेब दिवसाला टाकीपुरता दीड युनिटाचा आहे, तुमचा दोनच्या वर गेला तर मला पुन्हा लिहा. टाकी मुरायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात रुजायला, चार-सहा आठवडे लागतातच. मग पहिला मश्रूम ठेवाल तेव्हा निळा ३० टक्के, पांढरा १० टक्के, आणि आठवड्याला पाच-पाच टक्क्यांनी वर. एकदम जोरात लावलेल्या दिव्याखाली कोरल पांढरं पडतं.