हे कशावरून?

अनेक उत्तम आशीर्वाद.

इतिहास मंडळाच्या पहिल्या व्याख्यानाला जाऊन आल्याचं कळवलंस, आणि निम्मं डोक्यावरून गेलं असंही लिहिलंस. जाऊ दे. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली. सातवाहन आधी की वाकाटक, इथपासून घोळ होता. नावं कानावर पडत राहिली की आपोआप जागेवर बसतात.

वहीत मात्र एक गोष्ट नेमाने टिपत जा. वक्त्याने विधान केलं की ते कशावरून? ताम्रपट, नाणं, शिलालेख, खापर, मोडी कागद, की गावातली दंतकथा? दंतकथा टाकाऊ नसते, पण तिचा रकाना वेगळा ठेव. अंबरनाथच्या देवळाला लोक सर्रास हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. तिथल्या शिलालेखात शक 982 आहे. त्यात 78 मिळव, इ.स. 1060 आलं. ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांकडे होता तो तेराव्या शतकात. देऊळ त्याआधीच्या शिलाहार राजांचं. एवढा एक लेख नसता तर आपण आजही बांधकामाचं श्रेय भलत्यालाच देत बसलो असतो.

आता माझी फजिती ऐक. तुझ्याच वयाचा असताना नदीकाठच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून मी एक खापर उचलून आणलं. तांबडं, वर काळ्या रेघा, टिचकी मारली की धातूसारखं वाजायचं. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ज्या प्राचीन भांड्यांना नाव पडलं, त्यांतलंच, अशी माझी खात्री. व्याख्यान संपल्यावर मोठ्या ऐटीत वक्त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "टेकाडावर कुठे होतं? माथ्यावर, की पावसाने कापलेल्या कडेत? कडेत असेल तर किती खाली?" मला सांगता येईना. खापर परत देत ते म्हणाले, "मग आता हे नुसतं फुटकं मडकं झालं."

राग आला होता. पटलं ते पुढे इनामगावबद्दल ऐकलं तेव्हा. घोड नदीकाठच्या त्या गावी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातले, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणारे ते लोक लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. हे समजलं ते मडकी सापडली त्या जागी, त्या थरात, तशीच नोंदली म्हणून. कोणी हौशीने ती उचलून घरी नेली असती तर दोन मडकी उरली असती, घर नाही आणि मूलही नाही.

तेव्हा काही उचलू नकोस. जुनी नाणी विकत घ्यायच्या फंदातही पडू नकोस. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना 1972चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि विकणारा ती कुठून आली हे कधीच खरं सांगत नाही.

रविवारी मंडळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, दाखवायला नेणार आहे म्हणतोस ना, तर दगड खालून वर वाच. बहुधा तळाशी लढाई असते, कधी शेजारी गाईही. म्हणजे गोधन राखताना पडलेला गडी. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. लेख असला तर चौकटींमधल्या पट्टीत शोध. सकाळी लवकर पोहोच, ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेली अक्षरं वर येतात. दगड सावलीत असेल तर बॅटरी समोरून न मारता कडेने धर. खडू, तेल, पीठ काहीही चोळायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेव आणि दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिही.

अक्षरं लागली नाहीत तरी फोटो पाठव. आपण दोघं मिळून डोकं लावू.