बोलणी, वाटाघाटी आणि हाँगकाँगची सात पत्रं

प्रश्न असा आहे: १९९७ साली हाँगकाँग चीनकडे जाण्याआधी तिथल्या राजकीय व्यवस्थेबद्दल ब्रिटन आणि चीन पडद्याआड जे बोलत होते, त्याला भाषांतरात ‘अनौपचारिक वाटाघाटी’ म्हणावं का?

मी ‘बोलणी’ म्हणेन. मग ‘अनौपचारिक’ हे विशेषण लावायची गरजच उरत नाही. वाटाघाटी म्हटलं की शिष्टमंडळं आली, फेऱ्या आल्या, कोण कोणत्या नात्याने बसणार हा वादही आला. १९९३ साली एप्रिल ते नोव्हेंबर अशा सतरा फेऱ्या झाल्या, आणि त्याआधी ब्रिटिश शिष्टमंडळात हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांचा दर्जा काय, यावरच घोडं अडलं होतं. त्या खऱ्या वाटाघाटी. त्या फिसकटल्या.

‘बोलणी’ला मात्र लग्नघराचा वास आहे. माझ्या आजीच्या ट्रंकेत तिच्या लग्नाची याद होती. चार घड्यांचा, घडीवर विरलेला कागद. वर ‘श्री’, खाली मानपान, साड्या, वऱ्हाडाचा खर्च अशी कलमं आणि तळाला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. ‘बोलणी झाली’ आणि ‘याद झाली’ ही आजीच्या तोंडी दोन वेगळी वाक्यं होती. बोलण्यांत अंदाज घ्यायचा, कानावर घालायचं, ‘तुमचं असं असेल तर आमचं तसं’ म्हणायचं. यादीवर सही झाली की माघार नाही.

हाच फरक हाँगकाँगच्या बाबतीत भांडणाचं मूळ ठरला. १९९०च्या सुरुवातीला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड आणि चीनचे परराष्ट्रमंत्री छियान छिचन यांच्यात सात पत्रं-निरोप गेले-आले. विधिमंडळात थेट निवडून आलेले सदस्य किती असावेत, निवडणूक समिती कशी असावी, हा विषय. १९९१च्या निवडणुकीत अशा १८ जागा ठेवल्या गेल्या. एप्रिल १९९०मध्ये चीनने मंजूर केलेल्या मूलभूत कायद्यात, म्हणजे १९९७नंतरच्या हाँगकाँगच्या घटनेत, हस्तांतरणानंतरच्या पहिल्या विधिमंडळाच्या ६०पैकी अशा २० जागा आल्या. पुढे ऑक्टोबर १९९२मध्ये गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी निवडणूक सुधारणा मांडल्या तेव्हा चीन म्हणाला, हे तर आपलं ठरलं होतं, तुम्ही मोडलंत. ब्रिटनचं म्हणणं, ठरलं काहीच नव्हतं, विचारांची देवघेव होती. त्याच महिन्यात ती पत्रं जाहीर झाली, तरी वाद मिटला नाही. चीनच्या लेखी याद झाली होती, ब्रिटनच्या लेखी बोलणीच चालू होती.

म्हणून भाषांतरात त्या पत्रांना ‘करार’ किंवा ‘समझोता’ म्हणू नका. तसं लिहिलंत तर एका बाजूचा निवाडा तुमच्या हातून होऊन जातो. ‘पत्रांतून बोलणी झाली’ असं लिहा, आणि ‘ठरलं होतं’ हे चीनच्या तोंडी ठेवा. ‘खलबतं’ही नको. मूळ अरबी शब्दात नुसता एकांत आहे, पण मराठीत त्याला कटाचा रंग चढलाय. १९९७च्या घटनेसाठी ‘सत्तांतर’ तर साफ टाळा. आजचा वाचक मंत्रिमंडळ बदललं असं समजेल. ‘सार्वभौमत्वाचं हस्तांतरण’ लांब आहे, पण अचूक आहे.

आता राहिला प्रत्यय, आणि माझ्या मते सगळ्यात जपायचा तोच. आजी सांगायची, बोलणी ओसरीवर चालायची आणि ती आत चुलीपाशी बसून ऐकायची. हाँगकाँगच्या भवितव्यावरच्या आधीच्या वाटाघाटी चालू असताना, १९८३ साली, तिथले तेव्हाचे गव्हर्नर एडवर्ड यूड म्हणाले की आपण वाटाघाटींत हाँगकाँगच्या लोकांचे प्रतिनिधी आहोत. बीजिंगने लगेच ठणकावलं, ते फक्त ब्रिटिश शिष्टमंडळाचे सदस्य आहेत. ब्रिटन, चीन आणि हाँगकाँग अशी तीन पायांची तिवई चीनला मान्यच नव्हती. तेव्हा ‘हाँगकाँगशी बोलणी’ असं चुकूनही लिहू नका. बोलणी हाँगकाँगविषयी झाली.