पेपर वाचणाऱ्यांच्या भिंतीवर

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयानं एप्रिलमध्ये तुझ्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी भिंत दिली हे वाचून बरं वाटलं. ‘गॅलरी मिळाली असती तर...’ असा एक सूर तुझ्या पत्रात आहे, तो मात्र मला पटला नाही. गॅलरीत माणूस चित्रं बघायची असं ठरवून येतो आणि त्यातले निम्मे आपलेच दोस्त असतात. वाचनालयात कोण येतं? स्पर्धा परीक्षेची पोरं, रिटायर्ड मास्तर आणि अकराच्या आत सगळे पेपर संपवून शब्दकोड्याला लागणारे आजोबा. ही माणसं अंबाझरी तलावाच्या काठानं फिरलेली आहेत, रामटेकच्या पायऱ्या चढलेली आहेत. तुझं चित्र ते स्वतःच्या आठवणीशी ताडून बघतील आणि चुकलं असेल तर तोंडावर सांगतील. निसर्गचित्र काढणाऱ्याला याहून कडक परीक्षक मिळायचे नाहीत. निवड करताना तेच डोळ्यासमोर ठेव.

तू पाठवलेले चित्रांचे फोटो नीट पाहिले. आधी पळसाबद्दल बोलतो. रंग भडक आहे, पण झाड खरं वाटत नाही, कारण काळ्याला तू हातच लावला नाहीस. पळसाचं फूल एकदा हातात घेऊन बघ. केशरी पाकळ्यांच्या बुडाशी मखमली, जवळपास काळी वाटी असते. कळी तर अर्धीअधिक त्या वाटीतच असते. लांबून बघताना हेच काळं फांद्यांवर दाटतं आणि त्याला लागून असलेलं केशरी पेटल्यासारखं दिसतं. नुसता कॅडमियम ऑरेंज थापला की त्याचा गुलमोहर होतो. शिवाय झाडाखाली नाही, झाडावरच तू हिरवं टाकलंयस. पळसाला पानं तीनच हे खरं, पण ऐन बहरात तीही नसतात गं! ते चित्र पुन्हा काढ.

मे महिन्याच्या चित्रात आकाश निळंशार आहे. ते आकाश मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलंय, नागपुरातून नाही. पारा 45 च्या घरात गेला की दुपारचं आपलं आकाश पांढुरकं, धुरकट होतं. निळा शोधावा लागतो. कापसाच्या वावराचंही तसंच. काळी माती ओली असते तेव्हा काळी. एप्रिलात ती राखाडी पडते, भेगाळते आणि ढेकळांच्या सावलीतच काय तो काळा उरतो. रामटेकच्या टेकडीला तू काटोलच्या रस्त्याचाच तपकिरी लावलास, तो तर कोणीही पकडेल. नागपूरच्या पश्चिमेला, काटोलकडे, बेसाल्टचा काळा दगड आहे. रामटेक-मनसरकडे तो संपून फार जुना, वेगळ्या जातीचा खडक लागतो, मनसरला तर मँगनीजच्या खाणी आहेत. दोन तासांच्या अंतरात जमीन बदलते. ती बदललेली दिसली नाही, तर चित्राखाली गावाचं नाव लिहिण्यात काय अर्थ?

वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, पुरा होण्याआधीच वाळतो अशी तुझी तक्रार आहे. उन्हाळ्यात तो वाळणारच. सकाळी आठच्या आत बस, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर घाल, पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाक. जास्त टाकशील तर चित्र चिकट राहतं आणि धूळ धरतं.

आता थोडं टोचेल असं. तू जागा फार घेतल्यास. पेंच, चिखलदरा, ताडोबा, सगळीकडचं एकेक. त्यानं सहलीचा अल्बम होतो. कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून गावी परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा अशा घराजवळच्या पाण्याच्या काठी पुन्हा पुन्हा बसले. तुझ्या गठ्ठ्यात अंबाझरीची जी चित्रं आहेत, पहाटेची, पावसातली, जलपर्णी पसरलेली, ती सगळी एका ओळीत लाव. ताडोबाचा वाघ घरी ठेव. (तो वाघ तसाही कॅलेंडरवरून उतरलाय.)

अंबाझरीपाशी लोक थांबतील ते निव्वळ पाण्यासाठी नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. कोणीतरी तुला हमखास सांगेल, आमच्या घरात फ्रीज तरंगत होता. तेव्हा ब्रशवर्क समजावून सांगू नकोस. ऐक. कुठल्या बाजूनं पाणी आलं ते विचार.

कोणी चित्रकार रझांचं नाव काढेलच. सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत शिकले, पुढे मुंबई आणि मग पॅरिस. चित्रकार गायतोंडे तर जन्मलेच नागपुरात, 1924 साली. ‘मोठं व्हायचं तर गाव सोड’ हा सल्ला त्याच्या मागोमाग येतो. सोडायचं तेव्हा सोड, माझी ना नाही. पण ते दोघं पुढे अमूर्त चित्रांकडे गेले. तुला अजून झाडाचं खोड नीट बसवायचंय.

टांगण्याबद्दल. गॅलरीत चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेला, साधारण दीड मीटरवर ठेवतात. वाचनालयात लोक बसलेले असतात, म्हणून वीतभर खाली घे. कूलरच्या तोंडासमोरच्या भिंतीवर एकही जलरंग नको. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा दिवसभर लागली की काचेआडचा कागदही लाटा धरतो, पुढे बुरशी येते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे भिंत आणि फ्रेमच्या मधे हवा खेळते. खिळे ठोकायच्या आधी ग्रंथपालांना विचार. बहुतेक नाहीच म्हणतील, तेव्हा वर एक आडवी पट्टी लावून तारेनं सोड.

चिठ्ठीवर शीर्षक म्हणून ‘नीरव सांज’ वगैरे लिहू नकोस. जागा, महिना, वेळ. ‘अंबाझरी, सांडव्याची बाजू, ऑगस्ट, सकाळी सात.’ वाचणारा लगेच म्हणतो, सातला तिथं उजेड असा नसतो, आणि बोलणं सुरू होतं. किंमत चिठ्ठीवर नको, टेबलावरच्या यादीत ठेव. यादीत आकडे मात्र ठाम असू देत. ‘तुम्ही द्याल ते’ म्हटलं की लोक काहीच देत नाहीत, वर संकोचून निघून जातात.

रामटेकचं मोठं चित्र खिडकीसमोर येतंय असं फोटोवरून दिसतं. काचेत दिवसभर खिडकीच दिसेल. ते बाजूच्या भिंतीवर घे आणि तिथं कपाट आड येत असेल तर ग्रंथपालांना दोन हात सरकवायला सांग. चहा पाजलास तर सरकवतील.

तुझे काका