‘पंडितजसराज’ फोटोत सापडत नसेल तर आधी घड्याळ बघा

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या गच्चीवरून, ८ इंची दुर्बिणीने तुम्ही तीन रात्री पंडित जसराजांच्या नावाच्या लघुग्रहाचे फोटो काढलेत. सांगितलेल्या जागी काहीच नाही, शेजारी एक फिकट ठिपका आहे. २८ जानेवारीला, जयंतीच्या कार्यक्रमात, तोच दाखवू का, असं विचारलंय. कृपया दाखवू नका.

अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

पहिली, वेळेची. आमचा एक अख्खा हिवाळा हिनेच खाल्ला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लघुग्रहाच्या स्थानांचा तक्ता जागतिक वेळेत (UT) असतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे. एका कार्यालयाला विचारलं तर ‘स्थानिक वेळच टाका’ असं लेखी उत्तर आलं, आणि ते साफ चूक होतं. रात्री १० ला फोटो काढला असेल तर तक्त्यात १६:३० बघायचं. तिथे २२:०० बघितलं तर पहाटे साडेतीनची जागा हाती येते. प्रतियुतीच्या (म्हणजे आकाशात तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला असण्याच्या) सुमारास मंगळ-गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण ३३ आर्कसेकंद (६० आर्कसेकंदांचं एक आर्कमिनिट, ६० आर्कमिनिटांचा एक अंश) पश्चिमेकडे सरकतो, म्हणजे साडेपाच तासांत ३ आर्कमिनिटं. दुर्बिणीचं १००० मिमी नाभीय अंतर आणि कॅमेऱ्याचा ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर ही चूक सुमारे २३० पिक्सेलची. तो चौकटीत असतो, पण तुम्ही खूण केलेल्या जागेच्या पूर्वेला.

मध्यरात्रीनंतर तारीखही चुकते. २९ जानेवारीच्या रात्री २ वाजता जागतिक वेळेत अजून २८ तारखेचे २०:३० झालेले असतात. इथे गफलत झाली तर १३ आर्कमिनिटं गेली. फोटोच्या फाइलमध्ये कोणती वेळ नोंदली जाते तेही तपासा. काही सॉफ्टवेअर गुपचूप संगणकाची स्थानिक वेळ लिहितात. अक्षांश-रेखांशाची मात्र फार चिंता नको, मुख्य पट्ट्यात त्याने फार तर काही आर्कसेकंदांचा फरक पडतो.

दुसरी अडचण वेळ सुधारूनही सुटणार नाही. पंडितजींच्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८, आणि इतक्या मोठ्या क्रमांकाचे मुख्य पट्ट्यातले लघुग्रह सहसा २० व्या दृश्यप्रतीच्या (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं मंद) आसपास किंवा त्याहूनही मंद असतात. बडोद्याच्या उजेडात ८ इंचीने अर्धा तास फोटो जोडूनही १७-१८ च्या पुढे जाणं कठीण. (हा माझा अंदाज, आकाश फार स्वच्छ असेल तर थोडं पुढे जाल.) म्हणून तो ठिपका त्यांचा नाही. एकतर कॅमेऱ्याचा गोंगाट, नाहीतर दुसराच एखादा लघुग्रह. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावरच्या तपासणीत चौकटीचा मध्य आणि जागतिक वेळ टाकली की तिथले ज्ञात लघुग्रह कळतात.

काहीतरी खरंच हलताना दाखवायचं असेल तर कलाकारांच्याच नावाचे उजळ लघुग्रह घ्या: १०३४ मोझार्टिया, १८१४ बाख, १८१५ बीथोव्हेन. प्रतियुतीजवळ हे १५-१६ च्या आसपास येतात. ६० सेकंदांचे ३० फोटो काढा, तासाभराने पुन्हा ३०. दोन्ही संच वेगवेगळे जोडा आणि आलटून पालटून बघा. ४० एक पिक्सेलची उडी स्पष्ट दिसते. अर्ध्या तासात तो २० एक पिक्सेल सरकतो, म्हणून जोडलेल्या फोटोत ठिपक्याऐवजी छोटी रेघ दिसेल. त्या महिन्यात तिघांपैकी कोण रात्री वर आहे ते आधी बघा. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या) दोन-तीन रात्री मात्र सोडाच, तुक्कल (पतंगाच्या दोरीला बांधलेले कंदील) चौकटीत शिरले की सगळं वाया.

पंडितजींसाठी त्यांच्या लघुग्रहाच्या योग्य जागेचा फोटो लावा, वर्तुळ काढा आणि ‘तो इथे आहे, आपल्या दुर्बिणीला दिसत नाही’ असं स्पष्ट लिहा. मात्र २८ जानेवारीला तो रात्री वर असेलच असं नाही. नसेल तर आधीच्या रात्रीचा फोटो तारखेसह लावा. खाली माहिती द्या: शोध ११ नोव्हेंबर २००६, नामकरण २०१९, म्हणजे पंडितजी हयात असताना. आणि क्रमांक मोठ्या अक्षरात छापा. ३०-०१-२८ उलटीकडून वाचलं की २८-०१-३०, त्यांची जन्मतारीख. श्रोते तिथेच थांबतील.