फ्रँको गेला, मग ड्रॉवरमधून काय निघालं?

प्रश्न : आणीबाणीतली सेन्सॉरशिप आमच्या घरच्यांनी पाहिली आहे, पण स्पेनमध्ये तर फ्रँकोची हुकूमशाही १९३९ ते १९७५ चालली. एवढी वर्षं तिथले कादंबरीकार करत काय होते? तो गेल्यावर दडवून ठेवलेल्या कादंबऱ्यांचा पूर आला असेल ना? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पूर काही आला नाही. आता लेखकांचे ड्रॉवर उघडणार अशी आशा स्पेनमध्येही खूप जणांना होती, पण त्यातून फारसं काही निघालं नाही, आणि मला तरी यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही, कारण जे लिहायचं ते बऱ्याच जणांनी हुकूमशाहीतच लिहून टाकलं होतं, कोणी आडवळणाने, कोणी देशाबाहेर छापून.

आधी प्रत्येक पुस्तक छापायच्या अगोदर सेन्सॉरकडे जायचं. राजकारण, चर्च, सेक्स, काहीही खटकलं की काट मारायचे. यातून कादंबरीकार कामिलो होसे सेलासुद्धा सुटला नाही, जो स्पेनच्या यादवी युद्धात (ज्यातून फ्रँको सत्तेवर आला) फ्रँकोच्या बाजूने होता आणि ज्याने स्वतः काही काळ मासिकांचा सेन्सॉर म्हणून काम केलं होतं! त्याच्या 'पास्कुआल दुआर्ते'ची (१९४२) दुसरी आवृत्ती जप्त झाली, आणि युद्धानंतरच्या भुकेल्या माद्रिदवरची 'ला कोल्मेना' १९५१ मध्ये ब्युनोस आयर्सला छापावी लागली. हुआन गोयतिसोलो (१९६६) आणि हुआन मार्से (१९७३) यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्या मेक्सिकोत निघाल्या. स्पॅनिशचं हे केवढं भाग्य बघा, एका देशात बंदी आली तर त्याच भाषेत छापणारा दुसरा देश आहे. आपल्या लेखकांना आणीबाणीत असा दुसरा देश कुठे होता?

पण मला जास्त जवळचे वाटतात ते आत राहून लिहिणारे. मिगेल देलिबेसची 'मारिओसोबत पाच तास' (१९६६) मिळाली तर नक्की वाचा. नवरा वारलाय, प्रेत घरात आहे आणि बायको रात्रभर त्याच्याशी बोलत बसलीय, म्हणजे खरं तर भांडतेय, की तू गाडी घेतली नाहीस, सायकलवर हिंडलास, नको ते पेपरात लिहिलंस, मोठ्या लोकांशी जमवून घेतलं नाहीस. बाई बोलते ती सगळी सरकारला आवडेल अशीच भाषा. आणि वाचणाऱ्याचा जीव जडतो तो त्या गप्प पडलेल्या मारिओवर. सरळ टीका एका ओळीतही नाही, सेन्सॉर काट मारणार तरी कुठे? देलिबेसला स्वतःला १९६३ मध्ये सरकारी दबावामुळे वायादोलिद शहरातल्या पेपरचं संपादकपद सोडावं लागलं होतं, त्यामुळे हे सगळं त्याने वाचून नाही, भोगून लिहिलंय.

१९६६ ला नवीन प्रेस कायदा आला, छापण्याआधी दाखवायची सक्ती गेली, पण छापल्यावर जप्ती होऊ शकत होती, मग प्रकाशकच घाबरून आधी दाखवायचे. एदुआर्दो मेंदोसाची 'सावोल्ता प्रकरणाचं सत्य' ही कादंबरी १९७५ च्या एप्रिलमध्ये आली, फ्रँको जायच्या काही महिने आधी, आणि तिचं मूळचं 'कॅटलोनियाचे सैनिक' हे नावसुद्धा बदलायला लावलं होतं. नंतर १९७८ ला, राज्यघटना आली त्याच वर्षी, कार्मेन मार्तिन गाइतेची 'मागची खोली' आली, त्यात दडपणाखाली गेलेलं बालपण ती एका रात्रीच्या गप्पांमधून उकलत जाते. १९७७ च्या माफी कायद्यानंतर (राजकीय कैद्यांसोबत हुकूमशाहीतल्या अत्याचारांनाही माफी) मागचं उकरायचं नाही असाच एकूण सूर होता. युद्धाच्या आठवणींवरच्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग मिळाला तो बराच नंतर, २००१ च्या हाविएर सेर्कासच्या 'सोल्दादोस दे सालामिना'ने तर फारच.

सुरुवात कार्मेन लाफोरेतच्या 'नादा'ने (१९४५) करा. लेखिका तेव्हा फक्त तेवीस वर्षांची. बार्सिलोनाला शिकायला आलेली मुलगी आणि नातेवाइकांचं भांडणाने, उपासमारीने सडलेलं घर, एवढंच आहे, पण युद्धाने देशाचं काय केलं ते त्या घरात दिसतं. इंग्रजी अनुवाद मिळतो.

एक गोष्ट मात्र बघून घ्या, कुठलीही जुनी कादंबरी घेताना ती कुठल्या आवृत्तीवरून आलीय ते. लुईस मार्तिन-सांतोसची 'मौनाचा काळ' १९६२ ला काटछाट होऊन निघाली होती. आना मारिया मातुतेची 'लुसिएर्नागास' आधी अडवली, मग १९५५ ला वेगळ्या नावाने बदलून छापली, आणि मूळ रूपात आली ती थेट १९९३ ला. लोकशाही आल्यावरही कापलेल्या प्रती कितीतरी वर्षं तशाच विकल्या जात होत्या, त्यामुळे शक्यतो नवीन, पूर्ण मजकुराची आवृत्तीच मागवा.